सहाव्या होलचा बंकर

म्हातारा बंकरच्या मधोमध मांडी घालून बसला होता आणि साहेबांचा चेंडू त्याच्या गुडघ्यापासून दोन हातांवर येऊन पडला होता. म्हाताऱ्यानं चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्याला मळकं पागोटं, मांडीवर आडवं ठेवलेलं फावडं, आणि वरून जूनच्या पहिल्या आठवड्यातलं धुळ्याचं ऊन.

"चौधरी," साहेब मला म्हणाले, "हा कोण? आणि माझ्या बंकरमध्ये काय करतोय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळायला मला संध्याकाळपर्यंत पायपीट करावी लागली. त्या दिवशी शनिवार होता. रविवारी सकाळी मॅच होती आणि पाहुणे चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याकडे निघाले होते.

आधी थोडं मागचं सांगतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी धुळ्याला बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होतो. ओव्हरसीअर म्हणजे इंजिनिअर आणि मजूर यांच्या मधला माणूस. वरून शिव्या येतात, खालून तक्रारी येतात, दोन्ही झेलायच्या आणि काम पुरं करायचं. पुण्याहून डिप्लोमा घेतलेला, वय चोवीस, नोकरी टेम्पररी आणि स्वतःबद्दलचं मत मात्र पक्कं. मी मूळचा नशिराबादचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि मोट. ज्याची विहीर त्याचं पाणी. याहून वेगळी काही रीत असते हे मला ठाऊकच नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर लढाईच्या काळात बेळगावला होते. तिथं त्यांना गोल्फ लागला. दारू लागते तसा लागला म्हणा ना. धुळ्याला बदली झाल्यावर त्यांना शोध लागला, की गावाबाहेर दोन मैलांवर पांझरेच्या काठी इंग्रज अंमलदारांनी नऊ होलांचं मैदान केलं होतं. ते गेले आणि मैदानात बकऱ्या चरायला लागल्या. साहेबांनी मनावर घेतलं. पावसाळ्याआधी मैदान तयार करायचं, बाहेरच्या अधिकाऱ्यांना बोलावून मॅच लावायची. काम माझ्या गळ्यात पडलं. "नीट केलंत तर कायम व्हायचा कागद मी स्वतः पुढे पाठवतो," असंही म्हणाले.

मी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काठीनं चेंडू मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा, की झालं. पण मग ते फार सोपं होईल, म्हणून वाटेत मुद्दाम अडथळे ठेवतात. त्यांना हॅझार्ड म्हणतात. नाला, झुडपं, डबकं, काहीही. त्यातला सगळ्यांत वाईट म्हणजे बंकर. बंकर म्हणजे वाळूनं भरलेला खड्डा. चेंडू त्यात पडला की रुततो आणि भल्याभल्यांचा घाम काढतो.

खड्ड्यांची यादी मी आमचा मुकादम धुडकू याला दाखवली. रस्त्यांच्या कामावर त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, आतेलोंग आपन खड्डा बुजाडात. आते खांदाना शेतस का?"

"हो. आणि त्यात वाळू टाकायची."

"कोन पडी त्याम्हा?"

"साहेब पडतील," मी म्हणालो. धुडकूला ते पटलं. तो लगेच कामाला लागला.

मैदानाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच होता, बाबूमियाँ. इंग्रजांच्या वेळी तो तिथं माळी होता आणि साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवीही वाहायचा. त्यानं मला 'ब्राउन' शिकवलं. थंड मुलखात होलच्या भोवती मऊ हिरवळ राखतात, तिला ग्रीन म्हणतात. खान्देशात उन्हाळ्यात हिरवळ कुठून आणणार? म्हणून इथं बारीक वाळूत मोटारीचं जळकं तेल कालवून, ती चोपून गुळगुळीत खळं करायचं. रंगावरून त्याचं नाव ब्राउन. गड्यानं पाय उमटवले की बाबूमियाँ मागून गोणपाट ओढत जायचा आणि खळं पुन्हा आरशासारखं व्हायचं. मला कौतुक वाटलं. अडचण आली म्हणून खेळ थांबवला नाही, खळ्यावर खेळले.

आठ बंकर आम्ही खणले. सहावा खणावाच लागला नाही, कारण तो आयता होता.

सहाव्या होलच्या अलीकडे मुरमाड माळ संपतो आणि नदीच्या अंगाला काळी जमीन सुरू होते. त्या सांध्यावर एक लांबट खड्डा होता. तीस-पस्तीस फूट लांब, मध्ये कमरेइतका खोल, आणि आत वाळू. अशी वाळू, की हातात घेतली तर हाताला माती लागू नये. मी नदीतून गाड्या भरभरून वाळू आणून, चाळून, धुऊन इतर बंकरांत टाकत होतो आणि इथं कुणीतरी धुऊन ठेवलेली. फक्त खड्ड्याचे दोन्ही टोकांचे काठ फुटलेले होते. दोन्हीकडे गवत आणि बाभळीच्या रोपट्यांनी भरलेल्या घळी होत्या. पावसाच्या पाण्यानं काठ कापले असणार, असं मी ठरवलं. दोन्ही तोंडं दगडी पिचिंग करून बंद केली. पिचिंग म्हणजे दगडाला दगड खेटून बसवायचा, की पाण्यानं हलू नये. वरून मातीचा सुबक ओठ काढला.

काम चाललं असताना बाबूमियाँ दोनदा येऊन उभा राहिला.

"साब, ये वाला गोरे लोग वैसाच रहने देते थे."

"गोरे गेले, बाबूमियाँ," मी म्हणालो.

तो गोणपाट ओढायला निघून गेला. या वाक्याची मला पुढं आयुष्यभर लाज वाटली. त्या वेळी मात्र मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. साहेबांनी येऊन पाहिलं, पिचिंगवर काठी वाजवली आणि म्हणाले, "बेस्ट बंकर ऑफ द लॉट." मी आयत्या बिळावरचा नागोबा, छाती फुगवून उभा होतो.

आणि आता मॅचच्या आदल्या दिवशी त्या बंकरमध्ये म्हातारा बसला होता.

"आजोबा, उठा," मी म्हणालो. "इथं खेळ चाललाय."

"उठसू ना भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "तू पाणीनी वाट मोकयी कर, मंग उठसू."

"कसली वाट?"

त्यानं फावड्यानं माझ्या दोन्ही पिचिंगकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "हाई पाणीनी दम खावानी जागा शे. तठून येस, आठे दम खास, तठून जास. तुम्ही दोन्ही तोंडे बुजी दिधात."

साहेबांना त्याची बोली नीट कळत नव्हती, ते नाशिककडचे. पण त्यांना एवढं कळलं, की हा उठणार नाही. त्यांनी काठी बदलली, खाली उतरले आणि म्हाताऱ्याला तसंच बसू देऊन चेंडू मारला. पहिल्या फटक्याला चेंडू हलला. दुसऱ्याला काठावर आपटून परत आला. तिसऱ्याला बाहेर गेला. तिसऱ्या फटक्याची वाळू म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडली. त्यानं ती झटकली नाही.

"समजावा याला," साहेब वर येत म्हणाले. "आणि उद्या इथं कुणी नको." ते सातव्या होलकडे गेले.

मी खाली उतरलो. त्याचं नाव उखानाना. खालच्या गावचा पाटकरी. पाटकरी म्हणजे काय हे मी विचारलं तेव्हा त्याला हसू आलं. त्यानं खड्ड्याच्या वरच्या टोकाची मूठभर वाळू उचलून माझ्या उजव्या हातावर ठेवली. मग चालत खालच्या टोकाला गेला, तिथली मूठभर आणून डाव्या हातावर ठेवली.

"देख."

उजव्या हातात ज्वारीच्या दाण्याएवढी वाळू होती. डाव्या हातात रव्यासारखी. मधल्या जागेतली घेऊन पाहिली, ती मधल्या मापाची निघाली. वाळूचं माप पाडायला आमच्याकडे पितळी चाळण्यांचा सेट होता, डबीत घालून कुलपात ठेवलेला. इथं तीस-पस्तीस फुटांत तेच काम झालं होतं, आणि कुणाचा हात लागला नव्हता. जोरात आलेलं पाणी इथं रुंद जागा मिळाली की मंद होतं. आधी जड कण टाकतं, मग हलके, आणि हात मोकळे करून पुढं जातं. डिप्लोमाच्या पुस्तकात हे एका पानावर होतं. मी ते पाठही केलं होतं. पण त्या पानात आपण उभे आहोत हे मला वाळू तळहातावर येईपर्यंत कळलं नव्हतं.

"रेती आठेच बसस," उखानाना म्हणाला. "म्हनीसन बठ्ठा फड वाचस. चाल, दाखाडस तुले."

तो वरच्या पिचिंगवरून पलीकडच्या घळीत उतरला आणि गवत बाजूला करत चालू लागला. मी मागोमाग. मला वाटलं होतं, घळ वीस-पंचवीस पावलांवर संपेल. ती संपेना. माळाच्या कडेकडेनं वळत, टेकाडाला बगल देत ती चाललीच होती. एका ठिकाणी बाजूला घडीव दगड दिसले. मग मला उमगलं, ही घळ नव्हे, हा कालवा आहे. वर्षभराच्या गवतानं आणि गाळानं तोंड लपवून बसलेला.

ब्राउन सपाट करायला आणलेली डंपी लेव्हल मैदानावरच होती. तीन पायांवरची दुर्बीण असते ती, जमिनीचा चढ-उतार मोजायची. मी परत जाऊन धुडकूला हाक मारली. दुर्बीण लावली, त्याच्या हातात मापाची पट्टी दिली आणि पाटाचा उतार मोजायला घेतला. पहिल्या फर्लांगाला चार इंच उतार आला. दुसऱ्या फर्लांगालाही चार इंच. तिसऱ्याला मला वाटलं माझंच वाचायला चुकलं, म्हणून दोनदा पाहिलं. साडेचार. चौथ्याला पुन्हा चार. याहून जास्त उतार असता तर पाण्यानं पाट खणून काढला असता. कमी असता तर वाटेतच गाळ बसला असता. नदीच्या बंधाऱ्यापर्यंत मी मोजत गेलो. माझ्या हातात इंग्लंडात घडलेली दुर्बीण होती, आणि तिनं मला एकच गोष्ट सांगितली, की इथं तुझी गरज नव्हती.

"नाना, हे कुणी केलं?"

"आमना आजापणजास्नी. त्यास्ना आजापणजास्नी. माले काय ठावं?"

"पण उतार कसा काढला? लेव्हल कशानं पाहिली?"

"पाणी वती वती देखं," तो म्हणाला. "पाणी जठे जास, तठे पाट. माले काय इचारस? पाणीले इचार."

बंधाऱ्यावर बसून त्यानं मला फड सांगितला. पांझरेवर असे एकाखाली एक बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाची जमीन भिजवतो. जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले, एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, यंदा कुठल्या फडात काय हे गावानं बसून ठरवायचं. पाणी ओळीनं, वरच्यापासून शेवटच्यापर्यंत. कुणी आपल्या हातानं बारं, म्हणजे शेताकडचं पाटाचं तोंड, फोडायचं नाही. पाणी सोडायचं आणि वळवायचं ते पाटकऱ्यानं. शेत कुणाचंही असो, पाण्याला हात फक्त त्याचा. मी विहिरीच्या मुलखातला माणूस. आमच्याकडे दोन भावांत एक विहीर असली तर कोर्ट चालायचं. इथं सबंध गावाचं पाणी एका फावड्यावर विश्वासानं चाललं होतं.

पाट दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर साफ करायचा. ज्याची जेवढी जमीन, त्याची तेवढी लांबी. यंदा लग्नसराईनं उशीर झाला. ते साफ करत खालून वर आले आणि माझ्या पिचिंगपाशी थांबले.

"दोन दिवस पाट बंद ठेवा मग," मी म्हणालो. "सोमवारी मी तोंडं उघडून देतो. मॅच होऊ द्या."

"बंद कसा ठेवू? देख ना."

बंधाऱ्याजवळ पाटाचं तोंड होतं. त्याला दार नव्हतं, फळी नव्हती. नदी एका उंचीवर चढली की पाणी आपोआप पाटात शिरणार, अशी ती रचना. जास्तीचं पाणी पुढं काठातल्या एका सखल सांडीवरून परत नदीत. कुणी झोपलेलं असो, जागं असो.

"आणि नदी कधी चढेल?"

"वरना गावना मानूस सकाये सांगी गया. डोंगरवर दोन रोजपाईन पाऊस लागेल शे. आज नही ते उद्या पाणी येई."

मी आभाळाकडे पाहिलं. धुळ्याचं आभाळ भाजलेल्या खापरासारखं कोरडं होतं. नदीच्या पात्रात पोरं गुरं चारत होती.

"सोमवारपर्यंत थांबणार नाही म्हणता?"

"पाणी वार इचारीसन येस का, भाऊ?"

परत येताना मी सहाव्या होलपाशी थांबलो आणि खाली पाहिलं. पिचिंगच्या खालच्या अंगाला, पाटाच्या पहिल्याच वळणावर उसाचा फड होता, सबंध गावाचा. पहिल्या पुराचं पाणी वाळू घेऊन येतं. बंकरची तोंडं बंद असली तर पाणी वरच्या काठावरून उडी मारणार, माझा मातीचा ओठ नेणार, आणि वर्षानुवर्षांची साठलेली वाळू त्या उसावर नेऊन पसरणार. काळ्या जमिनीत एकदा वाळूचा थर बसला की ती जमीन पुढं कितीतरी हंगाम धड पिकत नाही. हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला उखानानाची गरज नव्हती. मी रस्ता बांधला नव्हता, खड्डा बुजवला नव्हता. मी एका गावाच्या घशाला बोळा लावला होता.

तसाच साहेबांच्या बंगल्यावर गेलो. पाहुणे नुकतेच आले होते, व्हरांड्यात चहा चालला होता. साहेब पायरीपर्यंत आले.

"सर, सहाव्याचा बंकर उघडावा लागेल. तो पाटाचा भाग आहे."

"मंडे."

"सर, नदी उद्याही येऊ शकते."

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. मीही मघाशी असंच पाहिलं होतं, त्यामुळे त्यांना काय दिसलं हे मला माहीत होतं.

"चौधरी, पाहुणे सहाव्यावर आले आणि तिथं दगडांचा ढीग दिसला, तर मी त्यांना काय सांगू? एका म्हाताऱ्यानं सांगितलं म्हणून? मंडेला काय फोडायचं ते फोडा." ते वळले आणि थांबून म्हणाले, "तुमचा कागद मी तयार ठेवलाय."

रात्रभर काय विचार केला ते सांगण्यासारखं नाही. घाबरलेला माणूस जो करतो तोच. उजाडताच सायकल काढली आणि मैदानावर गेलो.

सहाव्या होलपाशी चाळीस-पन्नास माणसं उभी होती. प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं किंवा कुदळ. कुणी माझ्या पिचिंगला हातही लावला नव्हता. उखानाना पुढं आला.

"फोडायचं होतं तर फोडलं का नाही?" मी विचारलं. खरं म्हणजे त्यांनी ते फोडून ठेवलं असतं, तर मी सुटलो असतो. मी आलो तेव्हा तुटलेलंच होतं, असं सांगता आलं असतं.

"सरकारनं काम शे," तो म्हणाला. "दुसरानं कामले आम्ही हात लावत नही. तू बांधं, तू सांग."

त्यांच्या फडात दुसऱ्याच्या बांधाला हात लावायचा नसतो. माझा चुकीचा बांधसुद्धा त्यांनी बांध मानला होता. वरून पाणी निघालेलं असताना ही माणसं माझ्या तोंडातून एक शब्द निघायची वाट पाहत उभी होती. मला माझ्या नोकरीची आठवण झाली, नाही असं नाही. पण त्या चाळीस-पन्नास तोंडांसमोर ती आठवण फार वेळ टिकली नाही.

"फोडा," मी म्हणालो.

उखानाना बंधाऱ्याकडे निघाला, आणि मग मी जे पाहिलं ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. कुणी हुकूम दिला नाही, कुणी हजेरी घेतली नाही. जो तो आपल्या लांबीवर जाऊन उभा राहिला. तासाभरात पिचिंग निघालं, दगड बाजूला नीट रचून ठेवले गेले, आणि वर फर्लांगभर पाटाचा तळ दिसायला लागला. एका विधवा बाईच्या वाटणीची लांबी होती, तिला कुणी सांगायच्या आत दोघांनी ती उरकली. एव्हाना धुडकूही कामावर आला होता, तो तोंड उघडं ठेवून बघत होता.

"साहेब, हाई बठ्ठं मस्टरबिगर?"

"हो, हजेरीपटाशिवाय," मी म्हणालो.

साडेआठच्या सुमाराला मॅच पाचवा होल संपवून सहाव्याकडे वळली. साहेब, तीन पाहुणे, मागं पिशव्या घेतलेला बाबूमियाँ आणि आणखी दोघं. एका पाहुण्यानं लांबचा फटका मारला. चेंडू चढावरून घरंगळला आणि थेट सहाव्याच्या खड्ड्यात. तो हसत खाली आला. साहेब मागून आले आणि त्यांना रचून ठेवलेले दगड दिसले.

"कुणाच्या ऑर्डरनं?"

"माझ्या, सर."

त्यांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर ते मोठ्यानं बोलले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "यू आर फिनिश्ड, चौधरी," एवढंच हळू आवाजात.

तेवढ्यात बाबूमियाँ हात वर करून म्हणाला, "साब. सुनो."

वरून आवाज येत होता. गवतातून कुणी गोणपाट ओढत आणावं तसा. पाटाच्या वळणावर आधी उखानाना दिसला. अनवाणी, फावडं खांद्यावर, मागं वळून न पाहता चालत होता. त्याच्या टाचांमागं चार-पाच पावलांवर पाणी. फेस, बाभळीच्या शेंगा, वाळलेली पानं, आणि मागून तांबडं घट्ट पाणी, माणसाच्या चालीनं. कुठं काटकी अडकली की तो थांबायचा, फावड्यानं ती बाजूला करायचा. पाणी जणू तेवढं थांबायचं आणि पुन्हा त्याच्या मागं निघायचं. घरचा बैल दावं न लावता मागं येतो, तसं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ऊन लख्ख पडलं होतं आणि कोरड्या माळावरून एक नदी एका म्हाताऱ्याच्या मागोमाग चालत येत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

उखानाना बंकरमध्ये उतरला. पाहुण्याचा चेंडू वाळूत रुतला होता. त्यानं वाकून तो उचलला आणि पाहुण्याच्या हातात दिला. "रेतीम्हा दाबाई जाता, साहेब." मग दुसऱ्या तोंडातून बाहेर पडला आणि पुढं चालू लागला. पाणी खड्ड्यात आलं, पसरलं, मंद झालं, एकदा गोल फिरलं. आणि मग पलीकडच्या तोंडातून पुन्हा त्याच्या मागं निघालं, उसाकडे. सगळे जण काठावर उभे राहून बघत होते. 

मग तो पाहुणा हातातला चेंडू बघत म्हणाला, "याचा मला दंड लागेल की नाही?"

साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. घाम पुसायला काढली असेल. पण मग ती हातातच धरून ठेवली.

"बाबूमियाँ," त्यांनी विचारलं, "इंग्रजांच्या वेळी इथं काय नियम होता?"

"सूखा तो बंकर, साब. पानी आया तो पानी. चेंडू उठाओ, पीछे रखो, एक फटका जुर्माना." बाबूमियाँनं माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. "खड्डेकू हाथ नहीं लगाते थे."

"गोल्फचा पहिला नियम आहे," साहेब पाहुण्यांना म्हणाले, पण आवाज माझ्यासाठी होता. "हॅझार्ड जसा असेल तसा खेळायचा. त्यात उतरल्यावर फटक्याआधी काठीसुद्धा वाळूला टेकवायची नाही." मग रचलेल्या दगडांवर काठी वाजवली. "आम्ही तो बांधून काढला होता."

मॅच कोण जिंकलं ते मला आठवत नाही. मी उखानानाच्या मागं पळालो होतो. मला ते पाणी शेवटपर्यंत पोचताना पाहायचं होतं. त्यानं ते उसाच्या फडात वळवलं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, कुठं फावड्याचा एक फटका, कुठं नुसता पाय आडवा. घाई नाही, ओरडणं नाही. दुपार कलली तेव्हा तो बांधावर बसला.

"नाना, यात तुमचं शेत कुठलं?" मी विचारलं. मला ते भिजलेलं पाहायचं होतं. माझ्या चुकीतून वाचलेलं म्हणून.

"मनं वावर कथानं, भाऊ?" तो म्हणाला. "मी पाटकरी शे. ज्याले वावर नही, त्यालेच पाटकरी करतस. नहीते आपला वावरले पाणी पहिले देवावर मन जास."

"मग काल दिवसभर त्या उन्हात कुणासाठी बसलात?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्यानं पाण्याकडे पाहिलं, जणू मी ते पाहिलं नसावं.

"पाणी येवानं व्हतं ना," तो म्हणाला.

साहेबांनी माझा कागद पाठवला, पण त्यावर 'हुकुमाची वाट न पाहता काम करतो' असा शेरा मारला. तो शेरा चांगला की वाईट हे वरच्या ऑफिसला ठरवता आलं नाही, म्हणून मला कायम व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. साहेबांची बदली झाली, मैदानावर पुन्हा बकऱ्या आल्या. मी खणलेले आठही बंकर दोन पावसाळ्यांत बुजले आणि ब्राउनचं तेलकट खळं वाऱ्यानं उडून गेलं. निवृत्त व्हायच्या आधी एकदा त्या बाजूला काम निघालं होतं, तेव्हा आखाजी नुकतीच झाली होती. सहाव्या होलच्या खड्ड्यात नवी वाळू होती, आणि दोन्ही तोंडं साफ केलेली.

पुढं नोकरीत मी शेकडो खड्डे बुजवले. प्रत्येक वेळी बुजवायच्या आधी आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारायचो, हा कुणाचा? बहुतेक वेळा तो कुणाचाच नसायचा आणि मजूर माझ्यावर हसायचे. हसोत बापडे. विचारायला वेळ लागत नाही.